दारात चालू ठेवलेली गाडी

माझी गाडी ज्या गल्लीत शिरते, त्या गल्लीत कुणीतरी गेलेलं असतं. पांढरी पिकअप आहे. मागच्या हौद्यात शवपेटी, बोल्ट मारून पक्की केलेली, वर काचेचं झाकण. वडवणीच्या आसपास मला नावानं कुणी हाक मारत नाही, पेटीवाला म्हणतात. आठवडी बाजारात मी भाजीला उभा राहिलो की बायका जरा सरकून घेतात. पंक्चरच्या दुकानात माझ्या शेजारी गाडी लावलेला माणूस काहीतरी निमित्त काढून आपली गाडी पुढं नेतो. सुरुवातीला मला याचा फार राग यायचा. आता मी मुद्दाम भर चौकात गाडी लावतो आणि अर्धा तास चहा पितो. बघू दे लोकांना.

आमच्या भागात पेटीला काम कमी नाही. दिवाळी झाली की निम्मी गावं ऊसतोडीला जातात. मागं राहतात म्हातारी माणसं, आणि मरण काही पट्टा पडायची वाट बघत नाही, म्हणजे कारखाना बंद होऊन लेकरं घरी यायची. मग कुणी कोल्हापूरकडून, कुणी कर्नाटकातून, मिळेल त्या वाहनानं निघतं. त्यांनी येऊन तोंड बघितल्याशिवाय माती होत नाही. माती म्हणजे आमच्याकडे अंत्यविधी, मग जाळायचं असो की पुरायचं. फोनवर लोक एवढंच विचारतात, माती किती वाजता. पूर्वी बर्फाच्या लाद्या आणून भुशात ठेवायचे. आता मला बोलावतात.

पेटी गार ठेवायची तर करंट पाहिजे. घरात लाइट असेल तर वायर टाकली, काम झालं. पण आमच्याकडं लाइट असणं हीच बातमी असते. कधी भारनियमन, कधी गावच्या ट्रान्सफॉर्मरची डीपी जळालेली. म्हणून मी गाडीला मोठा अल्टरनेटर आणि इन्व्हर्टर बसवून घेतलाय. इंजिन चालू, तोवर पेटी गार. त्यामुळं माझी गाडी पळते कमी आणि चालू अवस्थेत उभी राहते जास्त. कधी दहा तास, कधी वीस.

त्या आवाजाची एक गंमत आहे, गंमत म्हणावी का ते मला कळत नाही. मयताच्या घरी पहिला तासभर लोकांना इंजिनाचा त्रास होतो. कपाळाला आठ्या घालून माझ्याकडं बघतात. नंतर तो आवाज त्यांना ऐकूच येईनासा होतो. त्याच्यावर बोलणं चालतं, रडणं चालतं, मांडीवरची पोरं झोपतात. आणि मी चावी फिरवली की अख्खं अंगण एकदम वर बघतं, जणू आत्ता, या घटकेला कुणीतरी गेलं. एका घरच्या थोरल्या मुलानं मला दोन महिन्यांनी बाजारात गाठून सांगितलं होतं की त्याला अजून शांततेत झोप येत नाही. मी काय करणार? मी त्याला टेबल फॅन लावून झोपायला सांगितलं.

माझी आधीची पिकअप जुनी होती. ती कितीही वेळ उभी ठेवा, काळा धूर ओकायची आणि चालायची. अंगणातल्या धुतलेल्या धोतरावर काजळी बसायची, पण तक्रार नाही. मी आयटीआयला डिझेल मेकॅनिक शिकलोय, त्यामुळं इंजिनातलं मला जरा जास्तच कळतं असा माझा समज होता. नवी गाडी घेतली तेव्हा सर्व्हिसिंगवाल्या पोरसवदा मेकॅनिकनं मला बजावलं, की काका, ही गाडी उभी ठेवायची नसते, पळवायची असते. मी त्याला म्हणालो, माझं गिऱ्हाईक उभं राहण्याच्या पलीकडं गेलेलं असतं, त्याला कशाची घाई. तो हसला नाही.

त्याचं म्हणणं असं. नव्या गाडीत सायलेन्सरच्या वाटेवर एक जाळीची भट्टी बसवलेली असते. धुरातली काजळी ती गिळून ठेवते, म्हणून मागून काळा धूर निघत नाही. गाडी रस्त्यावर जोरात पळाली की भट्टी तापते आणि साठलेली काजळी जळून तिची राख होते. पण उभ्या गाडीचं इंजिन कोमट असतं. डिझेल धड जळत नाही, काजळी जास्त होते, आणि ती जाळायला लागतो तेवढा ताव काही येत नाही. मग भट्टी तुंबत जाते. गाडीला ते कळतं. ती आपल्या मनानं जास्तीचं डिझेल सोडून भट्टी तापवायला बघते. उभ्या गाडीत तेही साधत नाही, आणि ते डिझेल पिस्टनच्या कडेनं खाली झिरपून इंजिनाच्या ऑइलमध्ये उतरतं.

हे शेवटचं मी मानायला तयार नव्हतो. त्यानं ऑइलची पट्टी काढून माझ्यासमोर धरली. उभ्या आयुष्यात मी गाडीचं ऑइल कमी झालेलंच बघितलं होतं. ते वाढलेलं पहिल्यांदाच बघत होतो. खुणेच्या वर बोटभर, पाण्यासारखं पातळ, आणि डिझेलचा वास. तो म्हणाला, हे असंच वाढत गेलं तर एक दिवस इंजिन स्वतःचंच ऑइल पिऊन पळत सुटेल, मग चावी काढली तरी थांबणार नाही. त्यानं ऑइल बदलून दिलं. मला मात्र घरी येईपर्यंत आरशात मागं बघायची भीती वाटत होती. का, ते सांगता येत नाही.

एवढं होऊनही मी सुधारलो असं समजू नका. पुढच्या दहा दिवसांत तीन मयतं झाली, तिन्ही घरी लाइट नव्हती. तिसऱ्या घरी समोरच्या काट्यांमध्ये पिवळा दिवा लागला, सायलेन्सरचं चित्र आणि त्यात ठिपके. तो दिवा सारखा डोळ्यात खुपायला लागला, म्हणून मी बायकोच्या पाकिटातली एक मोठी लाल टिकली काढून त्यावर चिकटवली. डिझेल मेकॅनिकचं सर्टिफिकेट असलेल्या माणसानं.

मार्च महिना होता. मुख्य रस्त्यापासून चार किलोमीटर आत असलेल्या एका गावातून बोलावणं आलं. म्हातारी गेली होती. मागं नवरा, काठीसारखा वाळलेला, आणि एकुलती एक लेक. नवरा-बायकोनी सगळा जन्म एका कोयत्यावर काढला होता, म्हणजे ऊसतोडीला जोडीनं जायचे. या वर्षी म्हातारीला उठवेना म्हणून पहिल्यांदाच दोघं गावात राहिली होती. लेक-जावई कर्नाटकाच्या शिवेवरच्या एका कारखान्याला होते. गावची डीपी आठ दिवसांपासून जळालेली. मी सकाळी नऊला गाडी दारात लावली, पेटी चालू केली, म्हातारीला आत ठेवलं. लेक एकटीच निघालीय, दिवस मावळायच्या आत येईल असा निरोप होता.

ती आली नाही. ती येत होती ती गाडी वाटेत बिघडल्याचा एक फोन आला आणि त्यानंतर तिचा फोनच बंद लागायला लागला. गावातल्या लोकांचे फोनही मेलेले होते, ते सगळे माझ्या गाडीच्या सॉकेटला चार्जिंगला लागले. पेटीत म्हातारी, आणि केबिनमध्ये सीटवर बारा-तेरा मोबाइल रांगेनं. मधूनच एखादा वाजायचा आणि अंगणातल्या बायका दचकून पेटीकडं बघायच्या. रात्र तशीच गेली. मी डबड्यानं डिझेल ओतत होतो आणि इंजिन चालू होतं.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला ती गोष्ट घडली. ऊन चढलं होतं. म्हातारा पेटीच्या सावलीत चाकाला टेकून बसला होता. बायका रडून दमल्या होत्या. मी समोरच्या घराच्या ओट्यावर बसून तंबाखू मळत होतो, म्हणजे गाडीत कुणी नव्हतं. आणि इंजिनाचा आवाज चढायला लागला. झटका नाही, सावकाश. कुणीतरी केबिनमध्ये बसून अंदाजानं रेस देतंय असा. मी ओट्यावरून उडी मारून गाडीपाशी गेलो आणि दार उघडलं. रेसचं पेडल जागच्या जागी होतं, तसूभरही दबलेलं नव्हतं. आणि आवाज वाढत होता. सीटवरचे मोबाइल थरथरत एकेक करून कडेला सरकत होते.

मला माहीत होतं ते काय आहे. गाडी आपल्या मनानं भट्टी तापवायला बघत होती. सगळं माहीत असून माझ्या हातावरचे केस उभे राहिले, हे मी कबूल करतो. मागून पांढरा धूर यायला लागला. तो वर गेला नाही, जमिनीलगत पसरत अंगणात शिरला. तापलेल्या लोखंडाचा आणि कशाचा तरी करपट वास. सायलेन्सरच्या तोंडापुढचं वाळलं गवत बघता बघता काळं पडलं. चाकाशी बसलेला म्हातारा उठला आणि त्यानं काचेच्या झाकणावर हात ठेवला.

रडणं थांबलं होतं. भावकीतली एक वयस्कर बाई सगळ्यांच्या मनातलं बोलली. "तिला निघायचंय. लेकीची वाट बघून दमली ती."

मी समजावून सांगायला गेलो. भट्टी, काजळी, सगळं. कुणी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. अशा वेळी जाळीच्या भट्टीची गोष्ट सांगणारा माणूस किती बावळट दिसतो, ते मला तेव्हा कळलं. दहाएक मिनिटांनी आवाज आपोआप खाली आला. मी केबिनमध्ये बसून टिकली खरवडून काढली. पिवळा दिवा आता लुकलुकत होता आणि त्याच्या शेजारी इंजिनाचा दिवासुद्धा लागला होता. याचा अर्थ मला त्या मेकॅनिकनं सांगून ठेवला होता. आता फार वेळ नाही. गाडी अशीच उभी राहिली तर भट्टी पार तुंबणार, इंजिनाची ताकद जाणार, आणि ऑइल तर वाढतच असणार. मग वर्कशॉपमध्ये ओढून नेण्याशिवाय इलाज नाही.

मी भावकीतल्या पुढाऱ्याला बाजूला घेतलं. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, कालपासून सगळं तोच बघत होता. त्याला मी दोनच वाटा सांगितल्या. एक, गाडी बंद करायची. या उन्हात पेटीचा गारवा तास-दीड तास टिकेल, पुढं लेकीला आईचं तोंड दाखवण्यासारखं राहील याची मी हमी देत नाही. दोन, गाडी मोठ्या रस्त्याला नेऊन पाऊण तास जोरात पळवायची. म्हणजे काजळी जळेल, पेटीपण गार राहील, आणि मी तिला परत आणून याच दारात लावीन.

त्याचा चेहराच बदलला. म्हणाला, एकदा दारातून हललेलं मयत शिवेबाहेर जाऊन माघारी येत नाही. त्यांच्याकडं असं कधी झालं नाही. त्यापेक्षा आत्ताच माती करून टाकू, लेकीच्या नशिबात तोंड बघणं नव्हतं असं समजू. मी म्हणालो, मग रात्रभर कशाला बसलो होतो आपण? तो म्हणाला, तुमची गाडी बिघडली म्हणून आम्ही रीत मोडायची का? खरं सांगायचं तर त्याचं बरोबर होतं. बिघाड माझाच होता. मला टिकली लावताना लाज वाटली नव्हती, ती आता वाटत होती, आणि लाज वाटली की माझा आवाज चढतो. आमची चांगली जुंपली.

म्हातारा आमच्याजवळ कधी येऊन उभा राहिला ते कळलं नाही. कालपासून मी त्याचा आवाज ऐकला नव्हता. तो पुढाऱ्याला म्हणाला, "चाळीस वर्सं दरसाल शीव वलांडून गेली ती. दरसाल माघारी आली. आज कावून न्हाई यायची?"

पुढारी वाटेतून बाजूला झाला. म्हातारा गाडीच्या पुढून वळसा घालून केबिनमध्ये चढला, मोबाइल बाजूला सारून बसला, आणि मला म्हणाला, चला.

मी गाडी काढली. आरशात बघितलं तर अंगणातल्या सगळ्या बायका उभ्या राहिल्या होत्या. माणसं टोप्या हातात घेऊन वाटेच्या दोन्ही बाजूंना झाली. मी सांगून निघालो होतो की परत येतोय, पुढाऱ्यानं ते ओरडूनही सांगितलं. पण मयताची गाडी दारातून निघाली की माणसाच्या अंगातून जे जातं, ते त्यांच्या अंगातून गेलेलं मला आरशात दिसलं.

मोठ्या रस्त्याला लागल्यावर मी विचारलं, कुणीकडं घेऊ. मला काय, सिरसाळ्याकडं काय आणि बीडकडं काय, रस्ता मोकळा असला की झालं. म्हातारा म्हणाला, "बीडकडं घ्या. ती तिकडूनच यील."

सुरुवातीला गाडी ओढेना. रेस दाबतोय आणि नाकात बोळे घातल्यासारखी ती धापा टाकतेय. मी खालच्याच गिअरमध्ये दामटत राहिलो. मग एका चढाला तो वास आला, करपट, आणि आरशात मागचा रस्ता दिसेनासा झाला. पांढरा धूर, इतका की मागून येणारा ट्रॅक्टर थांबला. रस्त्याकडेची माणसं आधी ओरडायला तोंड उघडायची, मग काचेची पेटी दिसली की तोंड मिटून हात जोडायची. एका बाईनं लेकराचं डोकं पदराखाली घेतलं. भर दुपारी, डांबरावर ऊन नाचतंय, आणि आम्ही धूर सोडत चाललोय. इतकी वर्षं हे काम करून मला कधी मागं काही जाणवलं नव्हतं. त्या दिवशी माझी मान ताठ झाली होती. पाठीमागच्या छोट्या काचेतून कुणीतरी माझ्या खांद्यावरून पुढचा रस्ता बघतंय असं वाटत होतं.

म्हातारा मात्र त्याच काचेकडं वळून बसला होता. तो बोलत होता, माझ्याशी नाही. हा ओढा आला. हे पेट्रोल पंपाचं वळण. इथं आपला ट्रक दरसाल थांबायचा. मी कान देऊन ऐकलं तर ती रस्त्याची यादी होती, एकही गाव न सोडता. मग त्याच्या लक्षात आलं मी ऐकतोय. म्हणाला, ती कायम मागं सामानावर बसायची आणि मी पुढं. घाट आला की मी काचेवर वाजवायचो, म्हणजे तिनं धरून बसावं. असं म्हणून त्यानं खरंच बोटाच्या पेरानं काचेवर दोनदा वाजवलं. मी रस्त्यावरची नजर काढली नाही. मागून काही ऐकू आलं असतं तर मी गाडी तिथंच सोडून पळालो असतो.

उतारावर समोरून एक काळी-पिवळी जीप आली, टपावर बोचकी, आत माणसं कोंबलेली. धुरामुळं तिनं दिवे लावले होते. ती आम्हाला घासून गेली. एवढंच. आम्ही दोघांनीही तिच्याकडं धड बघितलं नाही.

आणखी दहा मिनिटांनी मी गाडी वळवली. धूर विरळ झाला होता. परतीच्या वाटेवर इंजिनाचा आवाज एकदम मोकळा झाला, पायाखाली ताकद आली, आणि बघता बघता पिवळा दिवा विझला. मी आनंदानं मोठ्यानं म्हणालो, "विझला." म्हाताऱ्यानं माझ्याकडं बघितलं. मला जीभ चावावीशी वाटली. माझी गाडी वाचली म्हणून मी खूश झालो होतो, आणि मागं त्याची बायको होती.

गावाच्या शिवेवर माणसं आडवी उभी होती. पुढारी सगळ्यांच्या पुढं, टोपी हातात. मला वाटलं आता हा भांडणार, म्हणून मीही दातओठ खात खाली उतरलो. पण त्याचा आवाज पार बसला होता. तो मला एका बाजूला नेऊन सांगायला लागला. गाडी गेली आणि बायांनी घर झाडलं. कुणी कुणाला सांगितलं नाही. हाताला सवय. मयत निघालं की मागं झाडायचं, सडा टाकायचा, जिथं जीव गेला ती जागा सारवायची, तिथं पीठ पसरून दिवा लावायचा आणि वरून टोपली झाकायची, गेलेल्या जिवाचं पाऊल पिठात उमटतं का ते मग बघायचं. आयुष्यभर बायांनी हेच केलंय. गाडी दारातून हलली, रड ओसरली, आणि एकीनं झाडू घेतला, दुसरीनं शेण कालवलं. पिठावर दिवा ठेवेपर्यंत एकीच्याही ध्यानात आलं नाही की माती अजून झालेलीच नाही. आणि त्यावर टोपली टाकतायत न टाकतायत, तोच काळी-पिवळी दारात आली.

लेक उतरली. दारात पेटी नाही. अंगण ओलं. आतली जागा सारवलेली, टोपलीखाली दिवा. काय समजायचं ते ती समजली. बायका सांगत होत्या, अगं न्हाई, अगं येतीय. तिनं ऐकलं नाही. टोपली उडवून ती त्या पिठावर पालथी पडली, आणि मग उठून ओढ्याकडं स्मशानात धावत गेली. तिथं लाकडं रचून ठेवलेली होती, न पेटवलेली. त्या लाकडांपाशी तिला काय कळलं आणि काय नाही, देव जाणे. चार बायका तिला धरून आणत होत्या.

पुढारी म्हणाला, आता घर सारवून झालं. दारात नेता येणार नाही. यावर मी भांडलो नाही. माझ्या अंगात भांडण उरलंच नव्हतं. पाऊण तास मी त्या बाईच्या आईला फिरवून आणलं होतं, माझ्या सायलेन्सरमधली काजळी जाळायला, आणि तेवढ्यात म्हातारीचं घर म्हातारीला बंद झालं होतं.

लेक आली. तिशीची असेल, उन्हानं काळवंडलेली, उसाच्या पाल्यानं हात चिरलेले. ते हात कोपरापर्यंत पिठानं पांढरे झाले होते, पोलक्यालाही पीठ. ती हौद्याच्या फळीवर पाय देऊन वर चढली आणि तिनं दोन्ही हात काचेवर ठेवले. म्हातारी आत होती तशी होती. चेहरा गार, शांत, ओळखू येणारा. एवढं एक तरी मी केलं होतं. लेकीनं बराच वेळ बघितलं. हात उचलले तेव्हा काचेवर दोन पंजे उमटलेले होते, आणि सारवलेल्या जागेवर पाऊल उमटतं का ते बघणाऱ्या बायका त्या पंजांकडं बघत राहिल्या.

मग ती माझ्याकडं वळली. रडत नव्हती. ते फार वाईट होतं. "कुठं नेलतं माझ्या आईला?"

मी तोंड उघडलं. भट्टी, काजळी, पिवळा दिवा. यातलं काहीही त्या बाईला सांगायच्या लायकीचं नव्हतं. टिकलीचं तर नाहीच नाही. इंजिन चालू होतं.

म्हातारा केबिनमधून उतरून माझ्या मागं आला होता. तो तिला म्हणाला, "तुला आणाया गेलतो. आमी दोघंबी."

मग तिचा आवाज एकदम लहान झाला. म्हणाली, समोरून धुरात एक गाडी गेली, ती तुमीच होता का. मी जीपमधल्या लोकांना म्हणलं गाडी थांबवा, माझी आई चाललीय. त्यांनी मला धरून बसवलं. म्हणले, झोपेत बडबडतीय.

म्हाताऱ्यानं मान हलवली. "मी न्हाई वळखलं तुला. तिनं वळखलं आसंल."

लेक हौद्यातून खाली उतरली आणि बापाच्या गळ्यात पडली, आणि तिचं रडणं सुटलं. तोंड उघडं, खांदे हलतायत, पण इंजिनाच्या आवाजात मला काहीच ऐकू येत नव्हतं. मी केबिनमध्ये हात घालून चावी फिरवली. मला तसं कुणी सांगितलं नव्हतं. काल सकाळी नऊपासून चालू असलेलं इंजिन थांबलं, आणि शिवेवरच्या त्या सगळ्या माणसांत तिचं रडणं ऐकू आलं, आणि त्याच्या जोडीला आणखी कुणाचं तरी. ते माझं होतं हे कळायला मला थोडा वेळ लागला.